आधी बारसं करा

बाळाला डाउन सिंड्रोम असावा, ही शंका आपल्याकडे बहुतेक वेळा आधी बाबांच्या कानावर घातली जाते. त्यांना पॅसेजमध्ये बोलावून डॉक्टर सांगतात, डोळे जरा तिरपे वाटतात, अंग सैल आहे, रक्त तपासायला पाठवू या. मग बाबा, आजी आणि मामा मिळून ठरवतात की आईला इतक्यात काही कळू द्यायचं नाही. टाके ओले आहेत, धसका घेईल, दूध आटेल. खोलीत येणारा प्रत्येक जण ओढूनताणून हसतो आणि बाळाकडे फारसं न बघता निघून जातो. काहीतरी बिनसलंय हे आईला पहिल्या संध्याकाळीच कळतं. काय ते कळत नाही, म्हणून नाही नाही ते मनात आणत ती रात्र काढते.

मी अशा मुलांच्या शाळेत शिकवलं आणि पुढे लहान बाळांच्या आयांबरोबर काम केलं. मुलं वीस-बावीस वर्षांची झाली तरी या आयांच्या मनातून एक गोष्ट जात नाही: मला सगळ्यांत शेवटी सांगितलं. म्हणून पहिलं सांगणं बाबांना. त्याच दिवशी सांगा, बाळ तिच्या कुशीत असताना सांगा, आणि डॉक्टरांना तिच्या खाटेशी घेऊन या. ती रडेल, तुम्हीही रडा. रडण्याने दूध आटत नाही. बाळाला पाजायला घेतलंच नाही, तर आटतं.

दुसरं सांगणं साऱ्या घराला. बारसं करा. ‘रिपोर्ट येऊ दे, मग बघू’ असं म्हणून ते पुढे ढकललं जातं. गुणसूत्रांचा रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. तोवर बारावा दिवस गेलेला असतो, मग सव्वा महिना जातो, मग कुणालाच उत्साह राहत नाही. वर्षाचं झालं तरी दवाखान्याच्या कागदांवर ‘बेबी ऑफ’ एवढंच नाव असलेली बाळं मी पाहिली आहेत. रिपोर्टमध्ये काहीही आलं तरी आत्याला बाळाच्या कानात नाव सांगायचंच आहे. घुगऱ्या शिजवा, पाळणा बांधा, शेजाऱ्यांना बोलवा. कुणी विचारलंच तर एका वाक्यात उत्तर द्या: बाळाला डाउन सिंड्रोम आहे, त्याला सगळं जरा उशिरा येईल. ज्या घराने हे पहिल्या महिन्यात मोकळेपणाने सांगितलं, त्या घराला पुढे लपवाछपवीत शक्ती घालवावी लागत नाही.

आता त्या रिपोर्टविषयी. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे ४६ गुणसूत्रं असतात. डाउन सिंड्रोममध्ये २१व्या जोडीत दोनाऐवजी तीन असतात, म्हणून कागदावर बहुतेक वेळा ४७ हा आकडा दिसतो. या मुलांची लक्षणं जॉन लँगडन डाउन या इंग्रज डॉक्टरने १८६६ मध्ये लिहून ठेवली. जादा गुणसूत्राचा शोध पॅरिसमध्ये लागला, १९५९ मध्ये. एवढं पुरे. यापेक्षा जास्त वाचायची घाई करू नका, निदान रात्री दोन वाजता मोबाइलवर तरी नको.

पण यातली एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती न कळल्याने बायकांनी जन्मभर स्वतःला दोष दिलेला आहे. स्त्रीची बीजं ती स्वतः आपल्या आईच्या पोटात असतानाच तयार होतात. त्यांचं विभाजन मध्येच थांबतं आणि वीस-तीस वर्षांनी, बीज पक्व होताना, पुढे सुरू होतं. त्यात कधी २१ नंबरची जोडी सुटी होत नाही आणि दोन्ही गुणसूत्रं एकाच बीजात राहतात. डाउन सिंड्रोमची बहुतेक बाळं अशी जन्मतात. थोड्यांच्या बाबतीत हेच वडिलांच्या बीजात घडतं. म्हणजे गर्भ राहिला तेव्हाच हे ठरून गेलेलं होतं. पुढे ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, दुचाकीवरून गेलात, घरात भांडण झालं, रडून रात्र काढलीत, यातल्या कशाचाही त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. कुणाच्या पत्रिकेशी नाही आणि कुणाच्या मागच्या जन्माशीही नाही. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते, हे खरं. पण विशी-तिशीतल्या बायकांना एकूणच जास्त मुलं होतात, त्यामुळे अशी बाळंही त्यांच्याच पोटी अधिक जन्मतात. तेव्हा ‘उशिरा लग्न केलं म्हणून’ हेही बोलणं बंद करा.

रिपोर्ट मात्र प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवा. शंभरातल्या तीन-चार बाळांमध्ये हे जादा गुणसूत्र सुटं नसतं, दुसऱ्याच गुणसूत्राला चिकटलेलं असतं. तसं असेल तर आईबाबांचंही रक्त तपासावं लागतं, कारण पुढच्या बाळंतपणाचा सल्ला त्यावर अवलंबून असतो. या रिपोर्टवाचून पुढचं कुणी काही सांगत असेल, तर ते अंदाजाने सांगतंय.

आता हृदयाविषयी, आणि इथे मी थोडी हट्टी होणार आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. कधी ते लहानसं छिद्र असतं आणि आपोआप बुजतं. कधी हृदयाच्या मधला पडदा आणि झडपा मिळून बऱ्याच भागात नीट तयार झालेल्या नसतात, आणि मग ऑपरेशनच लागतं. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून ‘आवाज वगैरे काही नाही’ म्हटलं तरी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचाच, आणि तोही पहिल्या महिन्यात. नवजात बाळाच्या फुप्फुसांतला दाब मुळात जास्त असतो, त्यामुळे मोठं छिद्र असूनही सुरुवातीला आवाज येत नाही. बाळ गुबगुबीत दिसतं, घरचे निर्धास्त होतात आणि दिवस जातात. मोठ्या दोषांचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात होतं. त्याला फार उशीर झाला, तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या खराब होतात. मग हृदयातला दोष कळूनही ऑपरेशन करता येत नाही. ‘जरा मोठं होऊ दे, ताकद येऊ दे, मग बघू’ हे घरातल्या मोठ्यांचं बोलणं मायेचं असतं आणि नेमकं चुकीचं असतं. दूध पिताना धाप लागणं, कपाळावर घाम येणं, दोन मिनिटांत दमून झोपणं, वजन न वाढणं, ओठ निळसर दिसणं, यातलं काहीही दिसलं तर इकोच्या तारखेची वाट बघू नका.

पैशांचं काय, हा प्रश्न लगेच येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. जन्मतःच्या ज्या आजारांसाठी तो आखला आहे, त्यांत डाउन सिंड्रोम आणि हृदयाचे दोष दोन्ही आहेत. आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या बाईंना सांगा, त्या या कार्यक्रमाच्या पथकाशी गाठ घालून देतील. किंवा सरळ जिल्हा रुग्णालयात जाऊन लहान मुलांचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र कुठे आहे ते विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं होतात. आधी इको, मग योजनेची कागदपत्रं, मग गरज पडलीच तर कर्ज. घाबरून उलट्या क्रमाने जाणारी माणसं बरीच भेटतात.

बाकीच्या तपासण्या थोडक्यात सांगते. थायरॉइड जन्मल्यावर, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दरवर्षी. या मुलांत तो कमी पडण्याचं प्रमाण मोठं आहे. सुस्ती, बद्धकोष्ठ, कोरडी कातडी हे सगळं ‘ही मुलं अशीच असतात’ म्हणून खपवलं जातं आणि एका स्वस्त गोळीने होणारं काम राहून जातं. जन्मल्यावर रक्ताची साधी सीबीसी करून घ्या. कान पहिल्या महिन्यात तपासा आणि पुढेही दर सहा महिन्यांनी, कारण यांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात आणि पडद्यामागे पाणी साचतं. ऐकू कमी येणारं मूल बोलणार कसं? डोळ्यांत जन्मतः मोतीबिंदू नाही ना, हे दवाखान्यातच बघून घ्या, आणि सहा महिन्यांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. लसी सगळ्या वेळेवर. उलटी हिरवी झाली, किंवा जन्मल्यावर दोन दिवस शी झालीच नाही, तर त्याच तासाला दवाखाना.

आता दूध. ‘अशा बाळांना अंगावर ओढता येत नाही’ असं सांगून पहिल्याच दिवशी बाटली हातात देतात. ओढता येतं. वेळ लागतो, कारण ओठांचे, गालांचे, जिभेचे स्नायू सैल असतात आणि बाळ झोपाळू असतं. स्तनाला खालून शेवटच्या तीन बोटांचा आधार द्यायचा. अंगठा आणि पहिलं बोट मोकळं राहतं, त्यांच्या बेचक्यात बाळाची हनुवटी टेकवायची आणि त्याच दोन बोटांनी गाल हलकेच आत धरायचे. एवढ्याने जबडा स्थिर होतो आणि तोंडाच्या कडेने गळणारं दूध थांबतं. हे वाचून जमत नाही. नर्सबाईंना शेजारी बसवून एकदा करून घ्यावं लागतं, मग हात सरावतो. बाळ रडून दूध मागेल अशी वाट बघू नका, दर दोन-अडीच तासांनी उठवा. दुपटं काढा, तळपायाला गुदगुल्या करा, ओल्या कापडाने तोंड पुसा. तरीही कमी पडत असेल तर दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, डोकं वर धरून, घोट घोट पाजा. वजन मात्र डॉक्टरांकडून डाउन सिंड्रोमच्या मुलांसाठी असलेल्या वेगळ्या तक्त्यावर बघून घ्या. शेजारणीच्या बाळाशी तुलना केली तर दर महिन्याला रडाल.

आंघोळ घालणाऱ्या बाईंशी पहिल्याच दिवशी बोला. मालिश उत्तम, रोज करा, त्याने अंगाला जाग येते. पण आपल्याकडे मालिशच्या शेवटी डावा हात उजव्या पायाला भिडवून ताणतात, आणि काही जणी बाळाला दोन्ही पाय धरून उलटं लोंबकळवतात. हे या बाळाला अजिबात चालणार नाही. यांचे सांधे आधीच प्रमाणाबाहेर ढिले असतात आणि मानेचे वरचे मणके काही मुलांत अस्थिर असतात. दंडाला धरून उचलायचं नाही, काखेत हात घालून लोंबकळतं धरायचं नाही. मान आणि कुल्ले दोन्हींना हात देऊन उचलायचं. नाकात-कानात तेल नको. ओवा-शेपाची धुरीही नको, कारण यांची छाती लवकर भरते. बाळगुटीला सहा महिने आणि मधाच्या बोटाला वर्षभर सुट्टी द्या. आजी रागावतील, तेव्हा सुनेने वाईटपणा घ्यायच्या ऐवजी मुलानेच आपल्या आईशी बोलावं.

थेरपीचा लोकांना धाक वाटतो. मशिन असेल, महागडं असेल. खरं तर पहिल्या वर्षाची बरीचशी थेरपी सतरंजीवर होते. इको झाला आणि डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून सुरू करा. जागं असताना दिवसातून अनेकदा पालथं ठेवायचं, सुरुवातीला तुमच्या छातीवर, मग सतरंजीवर छातीखाली पंचाची गुंडाळी घालून. समोर स्टीलची वाटी ठेवून चमच्याने वाजवायची. मान वर उचलेपर्यंत थांबायचं, आणि थांबणं हेच सगळ्यांत अवघड. बाळ एक गोष्ट करायला पंधरा-वीस सेकंद घेतं आणि आपण पाचव्या सेकंदाला त्याच्यासाठी ती करून टाकतो. ही मुलं पाय फार फाकवून बसतात आणि लोळतात, तेव्हा मांडीवर घेताना पाय जवळ आणायची सवय ठेवा. बोलताना तोंडासमोर तोंड आणा आणि शब्दाबरोबर हाताची खूण करा: दूध, ये, टाटा, अजून. खुणा केल्या तर मूल बोलणारच नाही, ही भीती निराधार आहे. यांना कळतं आधी आणि बोलता येतं बऱ्याच उशिरा. मधल्या काळात खुणा नसतील तर ते मूल चिडून वस्तू फेकायला लागतं. बसणं साधारण वर्षाच्या आसपास, चालणं दोनाच्या आसपास, कुणाचं तीननंतरही. फिजिओच्या बाई आठवड्यातून दोनदा भेटतात, पण मूल चोवीस तास तुमच्याजवळ असतं. म्हणून त्यांच्याकडून करून घेऊ नका, शिकून घ्या. आणि बाबांनीही शिकायचं.

जाहिरातींपासून सावध राहा. स्टेम सेलचं इंजेक्शन, मेंदूचं टॉनिक, जिनसेंगचे थेंब, ‘गुणसूत्र संतुलित’ करणारा काढा: जादा गुणसूत्र काढून टाकणारं औषध जगात नाही. या नादात दागिने मोडलेली घरं मी पाहिली आहेत. तोच पैसा इको, चष्मा आणि कानाच्या मशिनला लागतो.

नातेवाइकांनो, ‘आमच्याकडे असं कुणीच नव्हतं’ हे वाक्य मनातच ठेवा. ‘देवाचं लेकरू आहे’ हेही पुन्हा पुन्हा नको, ही मुलं सदा आनंदी असतात हेही नको. ती हट्टी असतात, रुसतात, मारतात, लबाडी करतात, बाकीच्या मुलांसारखीच. काही करायचंच असेल तर मोठ्या भावंडाला दोन तास बागेत न्या, डबा आणून द्या, किंवा इकोच्या रांगेत बाबांबरोबर उभे राहा. आणि एक परखड सांगते. ‘याला सांभाळायला अजून एक होऊ द्या’ असा सल्ला कृपा करून देऊ नका. दुसरं मूल हवं असेल तर जरूर होऊ द्यावं, पण जन्माआधीच त्याच्या गळ्यात नोकरी बांधू नये.

शाळा, प्रमाणपत्रं वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नका, फक्त माहीत असू द्या. बाळ वर्षाचं झालं की जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्राची आणि यूडीआयडी कार्डाची चौकशी करा. लहान वयात मिळतं ते बहुधा तात्पुरतं असतं, नंतर पुन्हा तपासणी होते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्यांना अशा मुलासाठी सवलत आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्याआधी तीन वर्षांचं झालं की गल्लीतल्याच अंगणवाडीत किंवा बालवाडीत घाला. तिथे चार पोरं त्याला ओळखू लागतात, आणि याचा उपयोग पुढे कुठल्याही शाळेत होतो.

पुढे काय, हा प्रश्न तुम्हाला रोज रात्री पडणार आहे. खोटी आशा मी देणार नाही. बहुतेक मुलांची बुद्धी कमी-अधिक मंद असते. काही जण लिहितात-वाचतात, नोकरी करतात. काहींना आंघोळीपासून मदत लागते. कुणाचं काय होईल ते पाळण्यात पाहून कुणीच सांगू शकत नाही, डॉक्टरही नाही. पण तुमच्या आजोबांच्या काळातलं चित्र आता राहिलेलं नाही. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास या लोकांचं सरासरी आयुष्य २५ वर्षांचं होतं, आता ते ६०च्या घरात आहे. या वाढीमागे लहानपणी होणाऱ्या हृदयाच्या ऑपरेशनांचा वाटा मोठा आहे. यांच्यातलीच एक, पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ, हिच्यावर २०१४ मध्ये ‘यलो’ चित्रपट आला आणि त्यात तिने स्वतःच काम केलं. तुमचं मूल पोहलं नाही तरी चालेल. रोज सकाळी स्वतःची चादर घडी करणारं, दुधाची पिशवी आणणारं आणि सुटे पैसे परत मागणारं मूल घडवणं, हेही पुष्कळ वर्षांचं आणि अभिमानाचं काम आहे.

ते एकट्याने करू नका. शिवडीची जय वकील शाळा १९४४ मध्ये सुरू झाली ती एका आईवडिलांनी, आपल्या अशाच मुलीसाठी. नाशिकला रजनीताई लिमयेंनी उभी केलेली प्रबोधिनी आहे, पुण्यात कामायनी, कोल्हापुरात चेतना, मुंबईत परळचं वाडिया रुग्णालय आणि उम्मीद, खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र. तुमच्या तालुक्यात यातलं काही नसेल, तर डॉक्टरांना एवढंच विचारा: असं पाच-सहा वर्षांचं मूल असलेलं कुठलं घर आम्हाला भेटेल का? त्या घरी चहाला जा, बाळाला घेऊन. ते मूल तुमच्या चपला लपवेल, बिस्किटं पळवेल आणि त्याची आई त्याच्यावर ओरडेल. तेवढा अर्धा तास माझ्या या सगळ्या लिहिण्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आणि इकोची तारीख अजून घेतली नसेल, तर उद्या सकाळी आधी तो फोन करा.